राष्ट्रीय बँकनोटा, अमेरिकन : संग्राहकमूल्य
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६३ ते १९३५ या काळात संघीय सनद मिळालेल्या बँकांनी, सरकारी रोख्यांच्या तारणावर, स्वतःच्या नावाने प्रसृत केलेल्या चलनी नोटा. दर्शनी मूल्यास त्या आजही वैध आहेत. तथापि संग्राहक त्यांस पुष्कळ अधिक किंमत देतात. ही किंमत केवळ नोटेच्या वयावर ठरत नाही. नोटेवर बँकेचे नाव, गाव, राज्य आणि १८७४ पासून सनद क्रमांकही आढळतो. त्यांवरून त्या बँकेच्या किती नोटा शिल्लक आहेत, हे प्रथम पाहतात. लहान गावातील अल्पायुषी बँकेची १९२९ च्या मालिकेतील छोट्या आकाराची नोट मोठ्या शहरातील जुन्या, पण विपुल नोटेपेक्षा महाग ठरू शकते. मात्र त्याच बँकेच्या नोटांचा नवा साठा सापडल्यास किंमत उतरते. त्यानंतर मालिका व दर्शनी मूल्य विचारात घेतात. आडव्या अंकाची दोन डॉलरची नोट विशेष मोलाची मानतात. स्थिती १ ते ७० गुणांनी दर्शवितात. घड्या, टाचणीची छिद्रे व पुसट स्वाक्षऱ्या यांमुळे मूल्य घटते. नोट धुतल्यास वा तिला इस्त्री केल्यास ती नवी दिसते, परंतु कागदाचा मूळ पोत नष्ट होऊन झालेली हानी भरून येत नाही. म्हणून वारशाने मिळालेली नोट आहे तशीच ठेवून तज्ञास दाखवावी.