जळालेल्या पोथींतील खेळांतले योद्धे

युरोपांतील मध्ययुगीन योद्ध्यांच्या चिमुकल्या प्रतिकृती करणारे हौशी लोक आज पुष्कळ आहेत. पण असे योद्धे त्या काळींही खेळविले जात, यास पुरावा काय? आल्सेस प्रांतांतील होहेनबुर्ग मठाची अधिष्ठात्री हेराड हिनें बाराव्या शतकांत सिद्ध केलेल्या ‘होर्तुस डेलिसिआरुम्’ या सचित्र लॅटिन पोथींत तो होता. तींतील एका चित्रांत दोघे जण समोरासमोर राहून दोन सशस्त्र बाहुल्यांस दोऱ्यांनीं झुंजवीत आहेत. ढाली, तरवारी, कड्यांचें चिलखत, सर्व कांहीं खऱ्या योद्ध्यांप्रमाणें आहे. प्रसंग मात्र खेळाच्या कौतुकाचा नव्हे. शलमोन राजाच्या तोंडच्या संसाराच्या असारतेस तो दृष्टांत आहे.

१८७० च्या ऑगस्टांत स्ट्रासबुर्गच्या वेढ्यांत तोफांच्या माऱ्यानें तेथील ग्रंथालय जळालें व मूळ पोथी भस्मसात् झाली. एंगेलहार्ट यांनीं १८१८ सालीं तिच्यावरील ग्रंथ चित्रांच्या नकलांसह छापला होता. अशा पूर्वींच्या नकलांमुळेंच आज हें चित्र आपणांस उपलब्ध आहे. तेव्हां त्यावरून शस्त्रांचा तपशील घेणारानें आपला आधार नकल आहे, मूळ नव्हे, हें विसरूं नये. आणि ज्यांच्या दप्तरांत एकुलती एक पोथी असेल त्यांनीं ती उतरून घेऊं देण्यास अनमान करूं नये, इतकीच आमची विनंती.