दुकानाच्या नेटवर्कला भिंती आणि दारे

छोट्या दुकानात पूर्वी संगणक असलाच तर एकच असे व तोही बिले छापण्यापुरता. आज तशी स्थिती राहिलेली नाही. गल्ल्यावर एक संगणक, आत हिशेबनिसाच्या टेबलावर दुसरा, भिंतीवर सहा-आठ कॅमेरे, माळ्यावरच्या कारखान्यात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन आणि गिऱ्हाइकांच्या मोबाइलसाठी वायफाय, एवढा पसारा मध्यम दुकानातही दिसतो. ही सारी यंत्रे बहुधा एकाच पेटीला जोडलेली असतात. त्या पेटीला नेटवर्क स्विच म्हणतात. दिवा लावण्याच्या बटणाशी याचा संबंध नाही. आठ, सोळा किंवा चोवीस तारांची तोंडे असलेली ही चपटी पेटी असते.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांची उधारीची वही, जीएसटीचे हिशेब, गिऱ्हाइकांची यादी व बँकेचे व्यवहार आता याच तारांवरून फिरतात. तिजोरीला आपण दोन कुलपे लावतो. पण वायफायचा पासवर्ड मिळालेल्या कोणाही अनोळखी माणसाचा मोबाइल आणि आपला हिशेबाचा संगणक एकाच पेटीत शेजारी-शेजारी बसलेले असतात, याकडे मात्र आपले लक्ष नसते. यावर उपाय आहे व तो फार महाग नाही. तो व्यापाऱ्याला समजावा, म्हणजे काम करणाऱ्याकडून ते नीट करून घेता येईल, या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

धोका कोठून येतो?

अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीवर २०१३ च्या अखेरीस मोठा संगणकीय दरोडा पडला. सुमारे ४ कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले ते थंडगार पेट्यांची व्यवस्था पाहणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड मिळवून. त्या कंत्राटदाराचा गल्ल्याशी काही संबंध नव्हता. पण आतल्या वाटा पुरेशा बंद नसल्यामुळे चोरांना एका भागातून दुसऱ्या भागात जाता आले. अमेरिकी सिनेटच्या समितीनेही २०१४ च्या अहवालात याच गोष्टीकडे बोट दाखविले.

दुसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा संगणकीय विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज त्याने जगभर ठप्प केले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले. विषाणू एका देशात शिरला आणि नुकसान साऱ्या जगात झाले, याचे कारण आतील वाटा मोकळ्या होत्या.

स्विच काय करतो?

साधा स्विच गावातील दवंडीवाल्यासारखा आहे. एखाद्या संगणकाला प्रिंटर शोधायचा असेल तर तो आधी हाक देतो, "अमुक पत्त्याचे यंत्र कोठे आहे?" स्विच ही हाक सर्व तोंडांवर पोहोचवितो. ज्याचा पत्ता असेल तो उत्तर देतो आणि मग त्या दोघांचे बोलणे परस्पर चालते. यंत्रे दहा असतील तर काही बिघडत नाही. पण दवंडी सर्वांना ऐकू जाते, याचा अर्थ प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचू शकते. विषाणूला हेच हवे असते.

एक मार्ग असा की हिशेबासाठी एक स्विच, कॅमेऱ्यांसाठी दुसरा व गिऱ्हाइकांसाठी तिसरा घ्यावा. पण त्यात पेट्या वाढतात व ताराही वाढतात. यापेक्षा सोयीचा मार्ग म्हणजे व्हीलॅन.

व्हीलॅन म्हणजे काय?

व्हीलॅन म्हणजे एकाच पेटीत सेटिंगने घातलेल्या भिंती. पेटी एक, पण आत जणू तीन-चार वेगवेगळे स्विच. एका खोलीतील दवंडी दुसऱ्या खोलीत ऐकू जात नाही. प्रत्येक व्हीलॅनला एक क्रमांक असतो व तो १ ते ४०९४ पर्यंत देता येतो. यासाठीचे सर्वमान्य मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांशी जुळतात.

समजा, आपल्या दुकानाला क्रमांक १ दिला व पुढीलप्रमाणे वाटणी केली :

व्हीलॅन १० : हिशेब व बिले, पत्ते १०.१.१० ने सुरू होणारे.
व्हीलॅन २० : कॅमेरे व त्यांचा रेकॉर्डर, पत्ते १०.१.२० चे.
व्हीलॅन ३० : कारखान्यातील यंत्रे, पत्ते १०.१.३० चे.
व्हीलॅन ४० : गिऱ्हाइकांचे वायफाय, पत्ते १०.१.४० चे.

पत्त्यातील दुसरा आकडा दुकानाचा आणि तिसरा व्हीलॅनचा ठेवला, तर पत्ता पाहताच यंत्र कोणत्या खोलीतील आहे ते कळते. पुढे शाखा वाढल्या तर या शिस्तीचा फार उपयोग होतो.

स्विचच्या तोंडांचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. ज्या तोंडाला एकच यंत्र जोडायचे ते ॲक्सेस पोर्ट. ते एकाच व्हीलॅनचे असते. खालचा स्विच माळ्यावरच्या स्विचला जोडणारी तार मात्र सर्व खोल्यांचा माल वाहते. ते ट्रंक पोर्ट. ट्रंकवरून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर ४ बाइटची एक चिठ्ठी लावलेली असते व तिच्यावर व्हीलॅनचा क्रमांक असतो. ट्रान्स्पोर्टवाल्याच्या ट्रकमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल एकत्र जातो, पण प्रत्येक गठ्ठ्यावर मार्का असल्यामुळे तो चुकत नाही, तसेच हे आहे. वायफायच्या एकाच यंत्रावरून दुकानाचे व गिऱ्हाइकांचे अशी दोन नावे चालवायची असतील, तर त्याच्याही तारेला ट्रंक करावे लागते.

भिंतीनंतर दाराचा प्रश्न

येथपर्यंतचे काम पुष्कळ जण करून देतात. खरी मेख पुढे आहे. हिशेबाच्या संगणकाला कारखान्याच्या मशीनवर नक्षीची फाइल पाठवायची असते. म्हणजे भिंतीत दार हवे. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात माल नेण्याच्या कामाला राउटिंग म्हणतात. ते एक तर राउटर करतो किंवा लेअर थ्री जातीचा स्विच स्वतःच करतो. अशा स्विचवर प्रत्येक व्हीलॅनसाठी एक पत्ता ठेवतात, उदाहरणार्थ १०.१.१०.१, व त्या खोलीतील यंत्रे बाहेर जाण्यासाठी हाच पत्ता दार म्हणून वापरतात.

आता नीट लक्ष द्यावे. लेअर थ्री स्विचवर राउटिंग सुरू केले की ज्या-ज्या व्हीलॅनला पत्ता दिला आहे त्या सर्वांमधील दारे एकाच वेळी सताड उघडतात. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला हिशेबाच्या संगणकाकडे जाण्याची वाट पुन्हा मोकळी होते. मालकाला वाटते भिंती घातल्या, पैसेही दिले. प्रत्यक्षात दवंडी तेवढी थांबली, चोराची वाट तशीच राहिली.

म्हणून दाराशी राखणदार हवा. त्याला ॲक्सेस लिस्ट म्हणतात. कोणी कोठे जावे व कोठे जाऊ नये, याची ती यादी असते. आमच्या उदाहरणात ती अशी होईल : गिऱ्हाइकांच्या वायफायला फक्त इंटरनेट. कॅमेऱ्यांना बाहेर कोठेही जाण्याची परवानगी नाही, मालकाला घरून पाहायचे असल्यास फक्त रेकॉर्डरला. हिशेबाच्या संगणकांना कारखान्याच्या मशीनपर्यंत वाट, पण मशीनकडून हिशेबाकडे फक्त उत्तरापुरती.

या यादीबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यादी वरून खाली वाचली जाते व जो नियम प्रथम लागू होतो तोच चालतो. म्हणून नियमांचा क्रम महत्त्वाचा. दुसरे, शेवटी न लिहिलेला एक नियम असतो, "बाकी सर्वांना मनाई". तिसरे, स्विचवरील साधी यादी आधी कोण बोलले ते लक्षात ठेवत नाही. जाण्याची परवानगी दिली आणि उत्तर येण्याची दिली नाही, तर काम अडते. कित्येकदा असे झाले की काम करणारा कंटाळून सर्व दारे उघडी करून निघून जातो. तेथे मालकाने ठाम राहावे.

राउटिंग प्रोटोकॉल केव्हा लागतो?

एकच दुकान असेल तर काही लागत नाही. दुकान व भिवंडीत एक गोदाम असेल, तरी "गोदामाचे पत्ते या वाटेने" असा एक नियम दोन्हीकडे हाताने लिहिला की भागते. याला स्टॅटिक रूट म्हणतात. छोट्या व्यापाऱ्याने याहून अधिक खर्चात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शाखा पाच-सहा झाल्या आणि एकमेकांकडे जाण्याच्या वाटा दोन-दोन झाल्या, की हाताने लिहिलेले नियम पुरे पडत नाहीत. एक वाट तुटली तर दुसरी आपोआप धरणारी व्यवस्था लागते. तिला राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. जुना प्रोटोकॉल रिप. तो वाटेत मुक्काम किती हे मोजतो व १५ मुक्कामांपलीकडे त्याची नजर जात नाही. एस.टी.चे थांबे मोजून गाडी निवडावी, रस्ता कच्चा की पक्का हे पाहूच नये, तसा हा प्रकार. आता ओएसपीएफ अधिक चालतो. यात प्रत्येक राउटर आपल्याला जोडलेल्या वाटांची माहिती शेजाऱ्यांना देतो. त्यावरून सर्वांकडे सारखाच नकाशा तयार होतो आणि प्रत्येक जण वाटेचा वेग पाहून स्वस्त वाट निवडतो. ही वाट काढण्याची गणिती रीत डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली होती.

ओएसपीएफमध्ये शेजारी दर १० सेकंदांनी एकमेकांना सलाम करतात. ४० सेकंद सलाम आला नाही तर शेजारी गेला असे समजून दुसरी वाट धरली जाते. हे नेहमीचे आकडे आहेत व ते बदलता येतात. पण दोन्ही टोकांना ते सारखे हवेत. विभागाचा क्रमांक, पत्त्याचा आवाका व पासवर्ड यांचेही तसेच. दोन शाखा जुळत नसतील तर आधी हेच तपासावे. तसेच सिस्कोच्या अनेक स्विचवर वाटेची किंमत मुळात १०० मेगाबिट वेगाच्या हिशेबाने ठरते. त्यामुळे १०० मेगाबिटची व १००० मेगाबिटची वाट त्याला सारखीच दिसते. हा हिशेब सर्व स्विचवर एकदम बदलून घ्यावा लागतो.

येथेही विश्वासाचा प्रश्न आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी जी खोटी वाट लिहिली, ती बाहेर पसरली व जगातील बऱ्याच भागात यूट्यूब सुमारे दोन तास दिसेनासे झाले. तेथील प्रोटोकॉल बीजीपी होता, पण धडा सर्वत्र सारखा : शेजारी सांगेल ती वाट खरी मानू नये. म्हणून ओएसपीएफला पासवर्ड लावावा आणि ज्या तोंडांवर शाखा नसून साधे संगणक किंवा वायफाय आहे तेथे तो मुका ठेवावा. यास पॅसिव्ह इंटरफेस म्हणतात.

काम करून घेताना

१. स्विचला हात लावण्यापूर्वी कागदावर तक्ता करावा : कोणते यंत्र कोणत्या व्हीलॅनमध्ये व कोणाला कोठे जाण्याची मुभा.

२. स्विच घेताना तो मॅनेज्ड आहे का हे विचारावे. साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचवर व्हीलॅन करता येत नाही.

३. प्रत्येक शाखेचे पत्ते वेगळे ठेवावेत. दोन्हीकडे कंपनीने दिलेले १९२.१६८.१ चेच पत्ते राहिले तर शाखा जोडताना घोटाळा होतो.

४. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा इतरत्र जुना स्विच घेतल्यास तो पूर्ण कोरा करून घ्यावा. सिस्कोच्या स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वेगळ्या फाइलमध्ये राहते. मुख्य सेटिंग पुसले तरी ती तशीच उरते व नव्या नेटवर्कमध्ये गोंधळ घालू शकते.

५. रिकामी तोंडे बंद करावीत. स्विच व कॅमेऱ्यांचे मूळ पासवर्ड बदलावेत. २०१६ मध्ये मिराई विषाणूने असेच मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले होते.

६. सेटिंग कायम जतन केले का, हे विचारावे. पुष्कळ स्विचवर ते वेगळ्या आदेशाने जतन करावे लागते. नाही तर वीज जाताच सर्व काम पुसले जाते. एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. स्विचचा पासवर्ड मालकाकडे लेखी असावा.

७. पैसे चुकते करण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. आपला मोबाइल गिऱ्हाइकांच्या वायफायला जोडून हिशेबाच्या संगणकाकडे व कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे जाता येते का, हे समोर करून दाखवावयास सांगावे. जाता आले तर काम अपुरे आहे.

आमच्या वस्त्यांतील पुष्कळ तरुण वायरिंग व कॅमेरे बसविण्याचे काम करतात. त्यांच्यासाठी ही पुढची पायरी आहे. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेत व्हीलॅन, ॲक्सेस लिस्ट व ओएसपीएफ हे विषय येतात, आणि पॅकेट ट्रेसर या मोफत सॉफ्टवेअरवर खरा स्विच न घेताही घरबसल्या सराव करता येतो. तार ओढणाऱ्याला मजुरी मिळते. पण कोणते दार उघडे ठेवायचे व कोणते बंद, हे सांगू शकणाऱ्याला व्यापारी पुन्हा पुन्हा बोलावतो. तरुणांनी या कामाचा अवश्य विचार करावा, आणि व्यापारी बांधवांनी आपल्या स्विचची परीक्षा याच आठवड्यात घ्यावी.