ट्रॅक्टरवरून उतरण्यापूर्वी

कर्ज दिलेल्या ट्रॅक्टरची प्रत्यक्ष पाहणी करणे हा बँकेच्या कृषी अधिकाऱ्याच्या कामाचा नित्याचा भाग आहे. नजरगहाण असलेले वाहन कर्जदाराच्या ताब्यात आहे, चालू स्थितीत आहे, चॅसी व इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळतात, एवढे पाहून टिपण लिहावयाचे आणि पुढच्या गावी निघावयाचे. बंगळूर येथे नेमणुकीस असताना, 2018 च्या जून महिन्यात, दोड्डबळ्ळापूर तालुक्यात अशाच एका पाहणीस गेलो होतो. दोन पाऊस होऊन गेले होते आणि रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या पेरणीसाठी जमीन तयार करण्याची घाई सर्वत्र चालली होती. बांधावर बँकेची माणसे उभी असलेली पाहताच शेतकऱ्याने रोटाव्हेटर उचलला, ट्रॅक्टर बांधाकडे आणून उभा केला आणि इंजिन तसेच धडधडत ठेवून खाली उडी मारली. नमस्कार-चमत्कार झाले. मी चॅसी क्रमांक वाचण्यासाठी मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे वाकलो. तेवढ्यात ट्रॅक्टर वीतभर पुढे सरकला.

झाले काहीच नाही. शेतकऱ्याने चपळाईने वर चढून ब्रेक दाबला, मी बाजूस झालो, आणि सगळेच थोडे ओशाळवाणे हसलो. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी म्हणालो, “गौडरे, मोदलु ऑफ माडी.” आधी बंद करा. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मात्र आजही स्मरणात आहे. बॅटरी उतरली आहे, एकदा बंद केला की धक्का मारावयास चार माणसे हवीत, ती या वेळी कोठून आणू, असे ते म्हणाले.

ट्रॅक्टरवरून सुरक्षित उतरण्याविषयी जेवढ्या सूचना लिहिल्या जातात, त्या सर्वांची सुरुवात ‘इंजिन बंद करा’ या तीन शब्दांनी होते. शेतकऱ्यास हे ठाऊक नसते असे नाही. तो बंद करत नाही, कारण पुन्हा सुरू होईल याची त्याला खात्री नसते. म्हणून या विषयाकडे निष्काळजीपणाचा विषय म्हणून पाहण्यापूर्वी तो दुरुस्तीचा, म्हणजेच काही अंशी पैशाचा विषय म्हणून पाहणे योग्य ठरेल.

प्रथम, उभा असलेला ट्रॅक्टर जागच्या जागी कशाने थांबतो, ते समजून घेऊ. इंजिन बंद करून गिअर टाकला असता चाकांना फिरण्यासाठी इंजिनही फिरवावे लागते, आणि डिझेल इंजिनातील दाबाचा अडसर त्यास सहजी फिरू देत नाही. त्यामुळे हातब्रेकच्या जोडीस हा दुसरा ब्रेक आपोआप मिळतो. अवजार जमिनीवर टेकविलेले असेल तर त्याचे फाळ किंवा पाती नांगर टाकल्यासारखी काम करतात, तो तिसरा. आता इंजिन चालू ठेवून उतरण्याचा विचार करा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावाच लागतो, म्हणून इंजिनाचा अडसर गेला. अवजार घाईत वरच राहिले, म्हणून त्याचाही आधार गेला. सारा भार उरतो तो एका हातब्रेकवर. अनेक ट्रॅक्टरांत तो स्वतंत्र ब्रेक नसून दाबलेले पेडल अडकवून ठेवणारा साधा खटका असतो, आणि चालू इंजिनाच्या थरथरीने झिजलेला खटका निसटू शकतो.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. ट्रॅक्टरला उजव्या व डाव्या चाकांसाठी दोन वेगळी ब्रेक पेडले असतात. शेतात कोपऱ्यावर वळताना त्यांतील एकच दाबावे लागते, म्हणून त्यांना जोडणारी कडी शेतात सोडलेली असते. त्याच स्थितीत हातब्रेक लावला तर कित्येक ट्रॅक्टरांत एकच चाक बांधले जाते, दुसरे मोकळे राहते. सपाट जमिनीवर हे लक्षातही येत नाही. परंतु बंगळूरच्या भोवतालची जमीन सपाट नाही. या पठारावरील जुने तलाव उतारावर एकाखाली एक बांधलेले आहेत आणि बहुतेक शेतांचा कल कोठल्या ना कोठल्या तलावाकडे असतो. डोळ्यांस न जाणवणारा उतार चाकाला मात्र बरोबर जाणवतो.

सरकणारा ट्रॅक्टर प्रथम कोणास गाठतो? उतरणाऱ्यासच. ट्रॅक्टरची पायरी मागच्या मोठ्या चाकाच्या अगदी पुढे असते. उतरलेला माणूस जमिनीवर पहिले पाऊल टेकवितो ते नेमके त्या चाकाच्या वाटेत. वाहन पुढे सरकले तर टायर आधी टाचेवर येतो आणि माणूस समोरच पडतो. म्हणून खाली उतरल्यावर पायरीपाशी बोलत उभे न राहता दोन-तीन पावले बाहेरच्या बाजूस जावे. त्या दिवशी मी जेथे वाकलो होतो, ती हीच जागा होती. वर्षानुवर्षे पाहण्या करूनही हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते सुचले नव्हते.

बॅटरी उतरली की दुसरी एक सवय लागते आणि ती पहिलीपेक्षा घातक आहे. जमिनीवर उभे राहून, स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोके जुळवून इंजिन सुरू करण्याची ही युक्ती गावोगाव पाहावयास मिळते. क्लच दाबल्यावाचून किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्यावाचून स्टार्टर फिरू नये, अशी सोय अनेक ट्रॅक्टरांत असते. स्क्रू-ड्रायव्हर ती सोय ओलांडून जातो. गिअर पडलेला असेल तर इंजिन सुरू होते त्याच क्षणी ट्रॅक्टर चालू लागतो, आणि माणूस उभा असतो पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये. वरच्या आसनावर कोणीही नसते. चालू ठेवून उतरणे आणि खालून सुरू करणे ही एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत. बॅटरी, तिच्या तारा, स्टार्टर आणि डायनॅमो हे चार भाग नीट ठेवले तर दोहोंचीही गरज संपते.

टर्बोचार्जर असलेल्या काही ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत जोरकस कामानंतर इंजिन थोडा वेळ मंद चालवून मग बंद करण्यास सांगितलेले असते. ‘लगेच बंद केले तर इंजिन बिघडते’ हे काही शेतकऱ्यांचे म्हणणे तेथून आले असावे. ते खोटे नाही, पण तो वेळ आसनावर बसून काढावयाचा आहे, खाली उतरून नव्हे.

आता, इंजिन चालू ठेवूनच उतरावे लागते अशी कामे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. मळणीयंत्र, कडबाकुट्टी किंवा पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालतो, तेव्हा चालकाने दिवसभर वर बसून राहावे असे कोणी म्हणणार नाही. बंगळूर शहराच्या पूर्वेकडील व दक्षिणेकडील नव्या वसाहतींत ट्रॅक्टर दिसतो तो बहुधा पाण्याच्या टँकरास जोडलेला. 2024 च्या उन्हाळ्यातील पाणीटंचाईत तर या टँकरांची वर्दळ सर्वांनीच पाहिली. तेथे चालक दर खेपेस नळी जोडावयास उतरतो, आणि आजूबाजूस रहिवासी व मुले घागरी-बादल्या घेऊन उभी असतात. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत फवारणीचा ब्लोअर पीटीओवरच चालतो आणि नोझल चोंदले की बागाईतदार चालू यंत्रामागे जातो.

पीटीओच्या शाफ्टची प्रमाण गती मिनिटास 540 फेरे, म्हणजे सेकंदास 9 फेरे एवढी आहे. शाफ्टची जाडी 7 सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात सुमारे 22 सेंटिमीटर आणि एका सेकंदात जवळजवळ 2 मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. इंजिन अगदी मंद असले तरी हा आकडा पाऊण मीटरच्या आसपास राहतो. उपरणे, लुंगीचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यातील मफलर अडकला तर ‘ओढून काढू’ असे मनात येण्यापूर्वीच तो संपलेला असतो. शाफ्टवरील प्लॅस्टिकचे न फिरणारे आवरण यासाठीच असते. ग्रीस घालताना अडचण होते म्हणून ते पहिल्याच हंगामात काढून टाकलेले मी अनेकदा पाहिले आहे. मळणीयंत्रांतील अपघातांमुळे हात गमावणाऱ्यांची संख्या इतकी वाढली होती की संसदेस 1983 मध्ये धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र अधिनियम करावा लागला आणि शक्तिचलित मळणीयंत्रे त्याच्या कक्षेत आणावी लागली.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरविषयीही गैरसमज आढळतो. पेडल अर्धे दाबले असता चाके थांबतात, पीटीओ फिरतच राहतो. पूर्ण दाबले तरच तोही थांबतो. ‘ट्रॅक्टर थांबला’ म्हणजे ‘शाफ्ट थांबला’ असे नव्हे. शिवाय पीटीओचा लिव्हर काढल्यानंतरही रोटाव्हेटरसारखे जड अवजार काही क्षण स्वतःच्या जोराने फिरत असते. पात्यांत अडकलेले गवत काढावयाचे असेल तर इंजिन बंदच केले पाहिजे. या एका कामास माझ्या मते कोणताही अपवाद नाही.

तेव्हा उतरण्याचा क्रम असा असावा. शक्य तेवढ्या सपाट जागी ट्रॅक्टर थांबवावा, हाताचा अ‍ॅक्सिलरेटर मंद करावा, पीटीओ काढावा आणि अवजार जमिनीस टेकवावे. दोन्ही पेडलांची कडी जोडून हातब्रेक लावावा व पाय उचलून तो खरोखर धरतो की नाही, हे क्षणभर पाहावे. गिअर न्यूट्रलमध्ये आणून इंजिन बंद करावे, मग गिअर टाकून किल्ली खिशात ठेवावी. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत किल्ली फिरवून इंजिन थांबत नाही, त्यासाठी वेगळा नॉब ओढावा लागतो, हे नव्या चालकास दाखवून द्यावे. बसून चालविण्याचे स्थिर काम असेल तर इंजिन चालू राहील, पण मुख्य व उपगिअर दोन्ही न्यूट्रलमध्ये, हातब्रेक पक्का आणि चारही चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके, एवढे झाल्यावाचून आसन सोडू नये. शाफ्ट जोडणे-सोडणे तर चालू इंजिनावर करूच नये.

प्रत्यक्ष उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे ठेवावे, शिडीवरून उतरतो तसे. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी कोठे तरी टेकलेले असावेत. उडी मारू नये. चिखलाने माखलेल्या बुटांनी पायरी निसरडी होते आणि धरावयास हाताशी येतो तो नेमका एखादा लिव्हर. मधोमध गिअर लिव्हर असलेल्या ट्रॅक्टरांत लुंगीचा सोगा किंवा पाय त्यास अडकून गिअर पडू शकतो, म्हणून चालकाने अंगासरशी कपडे घालावेत. ट्रॅक्टर व अवजार यांच्या मधून मागच्या बाजूस उतरणे सोपे वाटते, तथापि ती वाट नाहीच असे समजावे. मडगार्डवर बसविलेल्या मुलाविषयी एवढेच सांगतो की चालक उतरल्यावर त्याच्या हातास सगळे लिव्हर लागतात.

जाता जाता पॉवर टिलरचा उल्लेख करावा लागेल, कारण या यंत्राचा बंगळूरशी जुना संबंध आहे. व्ही. एस. टी. टिलर्स ही कंपनी 1967 मध्ये येथेच स्थापन झाली. पॉवर टिलरचा चालक बहुधा उतरलेलाच असतो, तो चालू यंत्रामागून चालतो. तेथे मागे सरकताना पाय पात्यांखाली जाण्याची भीती मोठी, म्हणून रिव्हर्स टाकण्यापूर्वी रोटरी थांबविणे अगत्याचे आहे.

आता बँकेच्या बाजूविषयी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षास 20 रुपयांत 2 लाख रुपयांचे अपघात संरक्षण मिळते आणि 18 ते 70 वर्षे वयाचा कोणताही बचत खातेदार त्यात सामील होऊ शकतो. वाहनविम्याबरोबर मालक-चालकाचा 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमाही असतो, पण दावा करताना वैध चालक परवाना दाखवावा लागतो. शेतातल्या शेतात परवाना कशास हवा, असे म्हणणाऱ्या कर्जदारांच्या नजरेस ही अट आवर्जून आणावी. चालकास रीतसर शिकावयाचे असेल तर बंगळूरहून तुलनेने जवळची केंद्रीय प्रशिक्षण संस्था आंध्र प्रदेशात अनंतपूरजवळ गार्लदिन्ने येथे आहे. महाराष्ट्राच्या उत्तरेकडील वाचकांना मध्य प्रदेशातील बुधनीची, 1955 पासूनची संस्था सोयीची पडेल.

माझ्या स्वतःच्या पाहणीच्या पद्धतीत त्या जूननंतर फरक पडला. चालत्या ट्रॅक्टरास मी शेतात हात करून थांबवत नाही, फेरा पुरा होईपर्यंत बांधावर उभा राहतो. इंजिन बंद झाल्यावाचून क्रमांक वाचावयास जात नाही. आणि क्रमांक जुळले की शेतकऱ्यास सेल्फ मारून ट्रॅक्टर सुरू करून दाखवावयास सांगतो. तो पहिल्या प्रयत्नात सुरू झाला नाही तर टिपणात तसे लिहितो आणि दुरुस्तीच्या खर्चाचे काय करता येईल, ते शाखेत बसून बोलतो. अनेक हजारांचा हप्ता वेळेवर भरणारा माणूस बॅटरी मात्र पुढच्या पिकावर ढकलतो, हे कोड्यात टाकणारे वाटते खरे. पण हप्त्याची तारीख ठरलेली असते आणि बॅटरीची नसते.

दोड्डबळ्ळापूरच्या त्या गावी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा रागीची कापणी उरकली होती. ट्रॅक्टर घराशेजारी शेडमध्ये उभा होता, कल्टिव्हेटर जमिनीस टेकलेला आणि मागच्या चाकाखाली दगड. चॅसी क्रमांक वाचून होताच गौडांनी न सांगता वर चढून किल्ली फिरविली. इंजिन लगेच सुरू झाले. त्यांनी ते बंद केले, ट्रॅक्टरकडे तोंड करून सावकाश उतरले आणि आम्हांस कॉफीसाठी आत बोलावले.