‘चोअर’ : एक घरगुती शब्द

इंग्रजी वाचनपुस्तकांत ‘चोअर’ हा शब्द वरचेवर भेटतो. बहुतेक विद्यार्थी त्याचा अर्थ ‘घरकाम’ असा समासांत लिहून पुढें जातात. (आमच्या ‘चोर’ शब्दाशीं त्याचा उच्चार जुळत असल्यामुळें वर्गांत थोडा हशाहि पिकतो, ‘कामचोर’ मात्र अगदीं उलट वृत्तीचा प्राणी!) हा अर्थ चुकीचा नाहीं; पण अपुरा आहे.

घर शाकारणें, लग्नाचा स्वयंपाक करणें, हीं मोठीं कामें; एकदां झालीं म्हणजे सुटका होते. त्यांस कोणी चोअर म्हणत नाहीं. केर काढणें, भांडीं घासणें, पाणी भरणें, अंथरुणें घालणें, गुरांस वैरण टाकणें, अशीं जीं कामें आज केलीं तरी उद्यां पुनः दारांत उभींच, तीं चोअर.

असें कां, हें शब्दाच्या कुळावरून कळतें. प्राचीन इंग्रजींत ‘चेर्र’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ वळण, फेरा, पाळी. एका पाळीला होणारें काम त्यास पुढें ‘चेअर’ अथवा ‘चार’ म्हणूं लागले. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपाट्रा’ या नाटकांत दूध काढणाऱ्या दासीच्या हलक्यासलक्या कामांस हाच शब्द आला आहे. दुसऱ्याच्या घरीं मोलानें झाडलोट करणारी बाई ती ‘चारवुमन’. ‘चोअर’ हें त्याचेंच दुसरें रूप अठराव्या शतकापासून पुढें विशेषतः अमेरिकेंत रूढ झालें. गंमत अशी कीं, दार किंचित् उघडें असल्यास इंग्रज ‘अजार’ म्हणतो, त्यांतहि हेंच ‘वळण’ आहे. दार थोडें वळलेलें असतें इतकेंच!

आपल्या मराठींतहि ‘आज पाणी भरण्याची पाळी कोणाची?’ असें आपण वसतिगृहांत नित्य विचारतों. म्हणजे दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली : हीं कामें फिरतीं असतात.

हल्लीं या शब्दास ‘कंटाळवाणें काम’ असा दुसरा अर्थ चिकटला आहे. पत्र लिहिणें, व्याख्यान ऐकणें, यांसहि लोक नाक मुरडून चोअर म्हणतात. पाळी जेव्हां फिरेनाशी होते व एकाच माणसाच्या वांट्यास कायमची येते, तेव्हां कंटाळा येणें साहजिकच आहे, असें मला वाटतें.

प्रयोगाविषयीं थोडें. हा शब्द बहुधा अनेकवचनीं येतो व त्याबरोबर ‘डू’ हें क्रियापद योजतात, ‘मेक’ नव्हे. आणखी एक बारकावा आमच्या मुलांच्या निबंधांत हटकून दिसतो. तीं लिहितात, ‘मीं आईला तिच्या चोअर्समध्यें मदत केली.’ व्याकरण शुद्ध आहे. परंतु इंग्रजी बोलणारीं मुलें बहुधा ‘माय चोअर्स’, म्हणजे ‘माझीं कामें’, असें म्हणतात; ‘मदत’ हा शब्द त्या वाक्यांत येतच नाहीं.