सारखा आरंभ, भिन्न अर्थ

भारतांत पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरांवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशीं ठळक अक्षरें रंगविलेलीं आढळतात. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर व ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक, ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे क्रियाशील व ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे निष्क्रिय, एवढें शाळेंत शिकलेला मनुष्य सहजच तर्क करील कीं, ‘फ्लेम’ म्हणजे ज्वाला. तेव्हां ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे जें पेट घेत नाहीं तें. हा तर्क दिसण्यांत सरळ, पण परिणामीं प्राणघातक होय. त्या शब्दाचा खरा अर्थ ‘चटकन पेट घेणारें’ असा आहे.

याचें कारण असें कीं, लॅटिनमधून इंग्रजींत आलेल्या शब्दांच्या आरंभीं दिसणारें ‘इन्’ एक नसून दोन आहेत. पहिलें नकारार्थी. संस्कृतांतील ‘अ’ किंवा ‘अन्’ याचें तें सख्खें भावंड. दुसऱ्याचा अर्थ ‘आंत’ किंवा ‘वर’. ‘इन्हेल’ म्हणजे श्वास आंत घेणें. ‘इन्स्क्राइब’ म्हणजे एखाद्या वस्तूवर कोरणें. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटविणें, हा शब्द या दुसऱ्या घराण्यांतला. शरीराच्या दाहाला डॉक्टर ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात, तोही त्याच कुळांतला.

ही जोडी वेषही एकच पालटते. ‘प’पुढें दोघांचेंही ‘इम्’ होतें आणि ‘ल’पुढें ‘इल्’. म्हणून ‘इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्य, पण ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात. ‘इल्लीगल’ म्हणजे बेकायदेशीर, पण ‘इल्यूमिनेट’ म्हणजे उजळणें.

मराठी मनुष्यास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘अनुदार’ आणि ‘अनुदान’ या शब्दांचीं पहिलीं तीन अक्षरें एकच आहेत. परंतु एकांत ‘अन्’ आणि ‘उदार’, तर दुसऱ्यांत ‘अनु’ आणि ‘दान’ अशी फोड आहे. फोड चुकली कीं अर्थ चुकला.

इंग्रजींत ही फोड ओळखण्याची एक खूण पुष्कळदां उपयोगी पडते. ‘इन्’ने आरंभ होणारें क्रियापद आधींच आहे काय, तें पाहावें. ‘इन्फ्लेम’ आहे, म्हणून ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेटविण्याजोगें. ‘इन्हॅबिट’ म्हणजे वस्ती करणें, म्हणून ‘इन्हॅबिटेबल’ म्हणजे राहण्यायोग्य. मात्र ‘इन्’ नकारार्थी ठरलें तरी घाई करूं नये. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचें मोल करतां येत नाहीं तें. आपला ‘अमूल्य’ हा शब्दही असाच घडला आहे.

पंडितांना ही व्युत्पत्ति ठाऊक असली, तरी धोक्याची पाटी केवळ पंडितांसाठीं नसते. म्हणून अमेरिकेंतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ने १९२० नंतरच्या दशकांत ‘इन्फ्लेमेबल’ऐवजीं ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला. ब्रिटिश मानक संस्थेनें १९५९ सालीं हेंच धोरण जाहीर केलें. आज ‘फ्लेमेबल’ व ‘इन्फ्लेमेबल’ हे दिसण्यांत विरोधी असलेले शब्द एकाच अर्थानें नांदत आहेत. मराठींत त्यांना ‘ज्वालाग्राही’ असा नि:संदिग्ध शब्द आहे. टँकरावरील इंग्रजी अक्षरांशेजारीं तोही लिहिला, तर जवळ उभें राहून विडी पेटवूं पाहणाऱ्या वाटसरूस व्याकरण आठवत बसावें लागणार नाहीं.