बळीच्या राज्यात सातबारा कुणाचा?

दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना आम्ही बायका म्हणतो, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ पुराणातला बळी असुर. वामनाने त्याच्याकडे तीन पावलं जमीन मागितली आणि त्याला पाताळात घातलं. पुराण वामनाच्या बाजूचं, ओवाळणारी मात्र बळीच्या बाजूची!

जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच हेरलं. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी बळीला रयतेचा न्यायी राजा केलं, खंडोबा-म्हसोबांना त्याचे अधिकारी ठरवलं आणि वामनाला बाहेरून आलेल्या आक्रमकांचा पुढारी. इतिहास म्हणून ही मांडणी तपासायला हवीच. पण तिचं खरं बळ निराळं आहे. अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केलेलं हे पुस्तक गुलामीचा अर्थ शेतकऱ्याला त्याच्याच देवांच्या नावाने समजावतं. आज वर्तमानपत्रंही शेतकऱ्याला सहज ‘बळीराजा’ म्हणतात.

माझं रान माकणीत, निम्न तेरणा धरणाजवळ. आमच्याकडे मार्गशीर्षाच्या अवसेला येळवस असते. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, आंबील-भज्जीचा निवद दाखवायचा, आल्यागेल्याला जेवू घालायचं. हे पांडवही भाऊबंदकीत रान गेलेले; शेवटी पाच गावं मागितली, तीही मिळाली नाहीत. बांधावरून कोर्टात गेलेल्या माणसाला महाभारत वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जमिनीच्या कथा आमच्या अंगात अशा मुरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यातून राजकारण उभं राहतं.

पण बळीच्या राज्यात बाईचं काय? त्याची राणी विंध्यावली आमच्या कुणाच्या तोंडी नसते. हा प्रश्न शेतकरी संघटनेने हातात घेतला, याचं मला फार मोल वाटतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली: घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं ऋण फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. त्यासाठी त्यांनी सीतेची कथा सांगितली. नांगराच्या तासात सापडलेली सीता, तिलाच घराबाहेर काढलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीत सीतेचं मंदिर आहे. वनवासात तिने तिथे मूठभर गहू मागितले, गावाने नाकारले, म्हणून तिच्या शापाने तिथे गहू पिकेना, अशी तिथली आख्यायिका. ही कथा ऐकून गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन केली. हक्काची भाषा ज्यांना बोचली असती, त्यांना ऋणाची भाषा पटली.

तरी ते नवऱ्याने दिलेलं होतं. लेकीचा वाटा कायद्याने महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. पण खेड्यापाड्यांत आजही बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. माहेर तुटेल ही भीती असते आणि तिच्यामागे पाडव्याच्या दुसऱ्याच दिवसाची, भाऊबीजेची कथा उभी असते: वाटा मागितला तर भावाला कोणत्या तोंडाने ओवाळायचं? आमच्या पोरींना मी सांगते, ती कथा पुन्हा एकदा नीट ऐका. यमुनेने यमाला घरी बोलावलं, पोटभर जेवू घातलं, त्याच्याकडून वर मागून घेतला. स्वतःचा वाटा सोडल्याचं त्यात कुठेच नाही.