गाण्यात नसलेला डोहाळा

आमच्या दरबारी गवयांच्या घरात डोहाळा म्हणजे कौतुक! चिंचा-आवळ्यांची गाणी मीही हौसेने शिकवतो. डिचोलीस दिलेली मामेबहीण पहिलटकरीण म्हणून पेडण्यास माहेरी आली, तेव्हा मामीने तिच्यापुढे भिरंडे, बिंबले ठेवली. ती मात्र चोरून भिंतीची माती खाई. मामी दटावू लागली. मी हसून ‘रघुवंशा’तल्या सुदक्षिणेचा दाखला दिला, कालिदासाची ती राणीही गरोदरपणी मातीच खाते. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासले, तो अंगात लोह फारच कमी! मातीने ते भरून येत नाही. उलट पोटात जंत होण्याची भीती. माझे हसणे मलाच लागले. वाचकहो, सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. असा डोहाळा कळला, तर दटावू नका, हसूही नका. रक्त तपासून घ्या.